आधी नाक, मग जीभ

बाटलीचं झाकण ओट्याच्या कडप्प्याला टेकवून विश्वासरावांनी वरून थाप दिली, आणि फेस सांडायच्या आत मालनबाईंनी खाली पेला धरला. पाहुण्यांना सरबत द्यायच्या काचेच्या पेल्यांतला होता तो. त्यांनी तो मुद्दाम बाजूला काढून ठेवला होता आणि सांगून टाकलं होतं, हा आता तुमचा, परत बाकीच्यांत मिसळायचा नाही.

सकाळचे अकरा वाजत आले होते. बंगलोरच्या बसवनगुडीतल्या त्या गल्लीत या वेळी भाजीची गाडी येते, म्हणून मालनबाईंनी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली होती. शेजारच्या राजलक्ष्मीअम्मांनी पाहिलं असतं तर संपलंच. पन्नाशी उलटलेली बाई, छोट्या रक्षिताची आजी, आणि दिवसाढवळ्या बियर पिते! बरं, पिते ती पिते, आणि नवरा समोर स्टुलावर बसून नुसता तिच्या तोंडाकडे बघतो.

"आधी नाक," विश्वासराव म्हणाले. "मग जीभ."

मालनबाईंनी पेला उजेडाकडे धरला. रोजच्या बियरसारखी ही पिवळी नव्हती. काळपट लाल होती, आणि पेला जरा कलता केला की काचेला चिकटून सावकाश खाली येत होती. त्यांनी डोळे मिटले आणि पेला नाकाशी नेला.

हे सगळं असं का चाललं होतं, ते सांगायला हवं.

विश्वासराव गावाबाहेरच्या एका बियरच्या कारखान्यात चव बघायचं काम करीत. शहाजीराजांच्या वेळी तलवार घेऊन बंगलोरला आलेलं घराणं, आणि त्यातला हा माणूस बियर चाखून पोट भरतो, असं त्यांचे वडील मरेपर्यंत म्हणत राहिले. पण नाक होतं खरं. बियर बिघडली तर का बिघडली, टाकी नीट धुतली नाही की बाटल्या उन्हात राहिल्या, हे ते नुसत्या वासावरून सांगत. घरातही तोच प्रकार. कॉफीत चिकोरी चिमूटभर जास्त पडली की पहिल्या घोटाला पेला खाली. मालनबाईंना या नाकाचा वैताग होता आणि, खरं सांगायचं तर, अभिमानही होता. बियरचा मात्र तिटकारा. कारखान्यातून आल्यावर कपडे मागच्या पडवीत उतरवल्याशिवाय त्यांनी नवऱ्याला कधी घरात घेतलं नाही.

गेल्या पौषात विश्वासरावांना ताप आला, पाठोपाठ सर्दी. ताप गेला, सर्दी गेली, आणि जाताना वास घेऊन गेली. गोड, खारट, आंबट, कडू एवढं जिभेला कळे. त्यापलीकडे काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल परत, नाहीतर नाही येणार. विश्वासरावांनी हे कुणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

मालनबाईंना ते खोबऱ्यावरून कळलं. एकदा घाईत खवट खोबऱ्याची चटणी झाली. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा विश्वासराव दुसऱ्यांदा वाढून घेत होते. खवट खोबरं दारातून ओळखणारा माणूस! दुसऱ्या दिवशी ते पेपर वाचत बसले असताना मालनबाईंनी हिंगाची डबी उघडून हळूच त्यांच्या नाकाखाली धरली. विश्वासरावांनी पान उलटलं. मालनबाई तिथेच जमिनीवर बसल्या आणि त्यांना रडू आलं.

नोकरीचं वर्षभर उरलं होतं. ती जाईल याची विश्वासरावांना फारशी भीती नव्हती. भीती होती ती निराळीच. नाक गेलं म्हटल्यावर आपण कोण? हिशेब येत नाही, इंग्रजी येत नाही, चारचौघांत बोलता येत नाही. कारखान्यात पोरंसोरंही उठून उभी राहत, ती कशाला? ते हे सगळं त्या दिवशी जमिनीवर बायकोशेजारी बसून बोलले.

मालनबाईंनी पदरानं नाक पुसलं.

"मला पाजा," त्या म्हणाल्या. "मी सांगते कशी लागते ते. तुम्ही तिथे जाऊन सांगा."

आधी विश्वासरावांना वाटलं, ही चेष्टा करतेय. मग वाटलं, दुःखानं डोकं फिरलंय. पण मालनबाईंनी एकदा ठरवलं की ठरवलं. विश्वासरावांनी कारखान्यात सबब सांगितली, की इथे जवाच्या उकळत्या काढ्याचा वास नाकात बसतो, मी घरी शांतपणे चाखून येत जाईन. इतक्या जुन्या माणसाला नाही कोण म्हणणार? तेव्हापासून पिशवीतून बाटल्या घरी येऊ लागल्या, आणि मालनबाई नाक मुरडत, देवाची क्षमा मागत, घोट घोट घेऊ लागल्या. पहिल्या महिन्यात प्रत्येक बियर त्यांना शिळ्या ताकासारखीच लागली. हळूहळू फरक कळायला लागला.

आणि आता ही काळी आली होती.

ही उपेंद्रची. उपेंद्र पुण्याचा. बियर कशी करायची याचं शिक्षण स्कॉटलंडला घेऊन आलेला. कारखान्यात लागला तेव्हा पहिलं वर्ष तो विश्वासरावांच्याच गच्चीवरच्या खोलीत राहायचा आणि मालनबाईंच्या हातचं जेवायचा. काका-काकू म्हणायचा. पुढे लग्न करून कोरमंगलाला गेला. तिकडे स्कॉटलंडात थंडीत पितात तशी जड, माल्टची, अंगात ऊब आणणारी बियर, एल म्हणतात ती, करायची, हे त्याचं फार दिवसांचं वेड. मालकांनी एकदाची परवानगी दिली. ही पहिली टाकी होती. नाताळच्या आत माल परदेशी गेला तर पुढे दरवर्षी. नाही तर परत पिवळीच.

"बोल," विश्वासराव म्हणाले.

"स्वल्प थांबा." मालनबाईंचे डोळे मिटलेलेच होते. "नाचणी. मोड आणून, वाळवून, भाजून रक्षितासाठी दळतो ना आपण? तिचा वास."

"बरोबर. माल्ट म्हणजे तेच. फक्त जवाचं." विश्वासराव पुढे सरकले. "अजून?"

मालनबाईंनी घोट घेतला आणि तोंडात फिरवला. गूळ आहे, म्हणाल्या. पण साधा नाही. मंड्याकडे त्यांच्या मामांचं गुऱ्हाळ होतं, तिथे काहिलीच्या कडेला जो गूळ करपत आलेला असतो आणि पोरं जो खरवडून खातात, तो. मग खजूर. काळ्या मनुका. कडवटपणा अगदी शेवटी, तोही दबलेला. गिळल्यावर छातीत ऊब वाटते आणि गोडी जिभेवर बराच वेळ राहते. त्या बोलत होत्या आणि विश्वासरावांच्या तोंडाला पाणी सुटत होतं. महिनोन् महिने त्यांना असं झालं नव्हतं.

"आणि सांगायचं राहिलंच," मालनबाई डोळे उघडून म्हणाल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. "लोणी कढवल्यावर घरात सुटतो ना, तसा वास आहे. लोणकढ्या तुपाचा. मला बाई फार आवडली ही. पहिल्यांदाच आवडली."

विश्वासरावांचा चेहरा पडला.

"पेला नाकाशी नेल्याबरोबर येतो? की मागाहून?"

"नेल्याबरोबर. नाचणीच्याही आधी. का हो, चांगलं नाही का?"

चांगलं नव्हतंच. तूप ज्या घरात कढतं त्या घरच्या बाईला ते कळणार नाही, पण बियरमध्ये लोण्याचा वास म्हणजे घाई झाली. यीस्ट आंबवताना तो वास स्वतःच निर्माण करतं आणि वेळ दिला तर स्वतःच खाऊन टाकतं. त्याआधीच टाकी थंड केली की तो आत अडकून बसतो. असल्या जड एलमध्ये जरासा चालतो, उपेंद्र तसं म्हणालाही असता. पण सगळ्यांच्या आधी नाकाला लागतो, म्हणजे जरासा नव्हे. तीन महिने बोटीतून जाऊन बाटल्या उघडतील तेव्हा नुसतं तूपच उरलेलं असेल.

त्यांनी हे मालनबाईंना समजावून सांगितलं. मालनबाई पेल्याकडे बघत राहिल्या.

"बिचाऱ्याच्या मालाला मी नावं ठेवली," त्या म्हणाल्या.

"तू कौतुक केलंस. नावं मी ठेवणार आहे," विश्वासराव म्हणाले, आणि चप्पल घालून निघाले.

उपेंद्र तापला. काका, तिकडच्या सगळ्या एलमध्ये थोडं बटर असतंच, तो स्टाइलचा भाग आहे, असं त्यानं अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत सांगून पाहिलं. विश्वासराव एवढंच म्हणाले की टाकी परत उबेला आण आणि यीस्टला त्याचं काम करू दे. उपेंद्रनं मालकांना तारीख कबूल केलेली होती. तरी त्यानं ऐकलं, कारण सांगणारे विश्वासराव होते. त्यानं एक गोष्ट मात्र केली. टाकी उबेला आणायच्या आधी त्या मालाच्या थोड्या बाटल्या भरून बाजूला ठेवल्या.

पंधरवड्यानं त्यानं सगळ्यांना चाखायच्या खोलीत बोलावलं. लॅबमधली दोघं, मालकांचा भाचा अजित, आणि विश्वासराव. बाटली घरी नेतो, असं विश्वासराव म्हणायच्या आत उपेंद्रनं दार लावून घेतलं. टेबलावर प्रत्येकापुढे झाकलेले तीन पेले होते. तिन्हींत तीच काळपट लाल एल. दोन पेल्यांत एकच माल, तिसऱ्यात दुसरा. एक जुना, एक नवा. वेगळा पेला कुठला, तो कागदावर लिहायचा. बाकीच्यांचा उजवा-डावा चालेल, काकांचा शब्द शेवटचा, असं अजितनं हसत सांगितलं. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. फरक खरोखर पडला का, हे तपासायची ही रीतच आहे, आणि ती विश्वासरावांनीच या पोरांना शिकवली होती.

त्यांनी पहिला पेला नाकाशी नेला. काहीच नाही. दुसरा. तिसरा. पाणी हुंगावं तसं. घोट घेतला, गोड, जरा कडू, ऊब. तिन्ही सारखे. बाकीचे माना खाली घालून लिहीत होते. एक आकडा लिहिला की झालं, आणि तो बरोबरही निघाला असता कदाचित. विश्वासरावांनी पेन्सिल उचलली. मग त्यांच्या मनात आलं, की आपण चुकीचा पेला लिहिला तर तूप गेलंच नाही असा अर्थ होईल, हा पोरगा कारण नसताना चांगली टाकी गटारात ओतेल, आणि ओतताना चकार शब्द बोलणार नाही, कारण सांगणारे विश्वासराव.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"उपेंद्र, मला वास येत नाही," ते म्हणाले. "पौषापासून येत नाही."

अजितच्या ओठांवरचं हसू तसंच राहून गेलं.

"मग ते तूप?" उपेंद्रनं विचारलं.

"ते तुझ्या काकूनं सांगितलं. गेले कित्येक महिने सगळं तीच सांगते आहे."

विश्वासराव उठले, खुर्ची सरळ करून ठेवली आणि बाहेर आले. बसमध्ये त्यांना गाढ झोप लागली, आणि कंडक्टरनं हलवून उतरवलं.

घरी मालनबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हातातली मेथी निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, म्हणजे मी आयुष्यभराचा नेम मोडून एवढी बियर प्याले ती फुकटच. विश्वासरावांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. त्या हसू दाबत होत्या. मग दोघंही हसले, आणि हसता हसता विश्वासरावांचे डोळे भरून आले ते पुसायला त्यांच्याकडे रुमाल नव्हता. मालनबाईंनी पदर पुढे केला.

संध्याकाळी उपेंद्रची स्कूटर दारात थांबली. तो आत आला नाही. पायरीवरच उभा राहिला आणि पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. सगळ्यांनी एकच पेला वेगळा ओळखला होता, जुन्या मालाचा. नव्यात बटर नाही. अजितनं लगेच माल भरायला सांगितलं.

"काका, नाक काकूंचं होतं, सरी," तो म्हणाला. 'कबूल' अशा अर्थाचा एवढा एक कानडी शब्द तो या घरातच शिकला होता. "पण तूप आलं म्हटल्यावर काय करायचं, ते कुणी सांगितलं?"

विश्वासराव म्हणाले, उद्या मी स्वतः ऑफिसात जाऊन सांगतो, आता माझं नाव चाखणाऱ्यांत ठेवू नका. उपेंद्रनं वाद घातला नाही. वाकून दोघांच्या पाया पडला, जे त्यानं त्या घरात राहत असताना कधी केलं नव्हतं, आणि गेला. पुढे ऑफिसनं विश्वासरावांना उरलेलं वर्ष बार्लीच्या गोदामावर नेमलं. दाणा दाताखाली फोडून त्याची परीक्षा करायची. त्याला नाक लागत नाही.

त्या संध्याकाळी मात्र हे कुणाला ठाऊक नव्हतं. मालनबाईंनी एक बाटली उघडली. यावेळी पेले दोन आणले, सरबताच्या पेल्यांतलाच आणखी एक. दोघं मागच्या पडवीत पायरीवर बसले. पलीकडच्या गल्लीत कुणाच्या तरी घरी तालमीची तबलापेटी चालू होती. बंगलोरची हवा त्या महिन्यात असते तशी सुखाची गार होती.

"कशी झालीय?" विश्वासरावांनी विचारलं.

मालनबाई सांगू लागल्या. तूप गेलंय. त्यामुळे बाकीचं सगळं पुढे आलंय. खजूर आधी दबलेला होता, तो आता नीट कळतो. मागे थोडा धूर आहे, तोही आधी नव्हता कळत. त्या सांगत होत्या आणि त्यांच्या बोलण्याबरोबर विश्वासराव घोट घेत होते. त्यांना वाटलं, खजूर लागला आपल्याला. नसेलही लागला.

मग मालनबाई थांबल्या नाहीत. रात्रराणी उमललीय, म्हणाल्या, राजलक्ष्मीअम्मांच्या कंपाउंडात. कुणीतरी फोडणीत कढीपत्ता टाकलाय. पलीकडच्या बागेत शेण घातलंय आज. कोपऱ्यावरच्या दुकानात कॉफी भाजताहेत, ती जरा जास्त भाजली गेलीय. त्या एकेक वास वेचून नवऱ्याच्या ओंजळीत टाकत होत्या, आणि विश्वासराव मान हलवत होते. एवढी वर्षं या बाईनं घरात वासाबद्दल तक्रारीशिवाय शब्द काढला नव्हता.

विश्वासरावांनी पेला पायरीवर ठेवला. काहीतरी विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. शेवटी रस्त्याकडे बघतच ते म्हणाले,

"आणि तुझा?"

"माझा काय?"

"तुझा वास. तो सांग ना. पौषापासून तोही नाही."

मालनबाईंनी आपला पदर नाकाशी नेला, मनगट नेलं, आणि हात खाली घेतला.

"मला माझा कुठे कळतो?" त्या म्हणाल्या. "तेवढा एक नाही हो सांगता येणार मला. तो तुम्हालाच ठाऊक."

विश्वासरावांनी डोळे मिटले. कारखान्यातल्या खोलीत बसत तसे ताठ बसले, दोन्ही हात मांड्यांवर ठेवून.

"शिकेकाई," ते सावकाश म्हणाले. "ती सगळ्यांच्या आधी. ओल्या केसांची. मग इस्त्रीचं सुती पातळ. मानेशी चंदनाचा साबण, पण दुपारनंतर तो जातो, आणि मग नुसती तू राहतेस. ते कशासारखंच नाही. एवढ्या वर्षांत दुसरीकडे कुठे सापडलं नाही मला ते."

ते थांबले.

मालनबाई पेला हातात धरून समोर बघत होत्या. त्यांनी तो पुन्हा ओठाला लावला नाही.

"पुढे?" त्या म्हणाल्या.